नानखटाईतला अज्ञात स्निग्ध पदार्थ

“मध्य भारतातील जंगलपट्ट्याचा एकमेव शास्त्रशुद्ध अन्वेषक, चारशे बारा रहस्यकथांचा अभ्यासक, मानवी स्वभावाचा पारखी, मौनाचा उपासक.”

गुणवंतराव भोयरांची ही ओळख गुणवंतराव भोयरांनी स्वतःच एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली होती. तो पुठ्ठा गोंडपिपरीच्या बसस्टँडसमोर, वहाबभाऊंच्या शिंपीकामाच्या दुकानात, ‘अर्जंट ब्लाऊज शिवून मिळणार नाही’ या पाटीच्या बरोबर खाली लटकत असे. मौनाचा उपासक या शेवटच्या बिरुदापर्यंत गिऱ्हाईक सहसा पोचत नसे, कारण तोवर गुणवंतराव त्याला पहिली तीन समजावून सांगू लागलेले असत.

चारशे बारा हा आकडा मात्र खरा होता. तालुक्याच्या वाचनालयात त्यांनी एकतीस वर्षं ग्रंथपालाची खुर्ची झिजवली आणि रहस्यकथांचं कपाट तीनदा पालथं घातलं. त्या कपाटाला कोणा दुष्ट वाचकाची नजर लागलेली होती. तो पुस्तक नियमानुसार नेई, वेळेवर परत करी आणि शेवटचं पान तेवढं फाडून ठेवून घेई. त्यामुळे खुनी कोण, हे गुणवंतरावांना स्वतःच ठरवावं लागे. असे दोनशे साठ खुनी त्यांनी केवळ बुद्धीच्या जोरावर पकडले होते, आणि त्यांतला एकही चुकीचा होता असं आजवर कोणी सिद्ध केलेलं नाही. पानं कोण फाडत होतं, हे त्यांना एकतीस वर्षांत कळलं नाही; पण तो विषय दुकानात कोणी काढत नसे.

वहाबभाऊ हे त्यांचे सहायक. त्यांनी या पदासाठी अर्ज केलेला नव्हता. पण दुकानात एक जास्तीची खुर्ची होती, आणि निवृत्त माणसाला ‘बसू नका’ म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खुर्चीमागून पुठ्ठा आला, पुठ्ठ्यामागून वही आली, आणि एक दिवस वहाबभाऊंच्या लक्षात आलं की आपण काजं करता करता ‘मंग पुढं काय झालं?’ असं विचारू लागलो आहोत. तिथून माणूस सुटत नाही.

तर, जानेवारीतल्या एका शनिवारी अहेरीकडे निघालेली एक गाडी बसस्टँडजवळ चहासाठी थांबली. तिच्यातून एक तरुण माणूस उतरला आणि उतरता उतरता त्याच्या पँटची चेन गेली. हा प्रफुल. ताडोब्याकडच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर. चेन बदलून होईपर्यंत तो वहाबभाऊंची लुंगी लावून दुकानात आतल्या बाजूला बसला. पाहुण्याला लुंगीवर नुसतं बसवून ठेवणं बरं दिसेना, म्हणून वहाबभाऊंनी चहा मागवला आणि घरून आणलेल्या नानखटाईचा डबा उघडला. पहिली नानखटाई त्यानं बोलता बोलता खाल्ली. दुसरीला बोलणं थांबलं. सातवी झाल्यावर तो पँट मागायचं विसरला.

“काका, ही कोणी केली?”

“घरीच होते. आमची बाई करते.”

“मी हॉटेलचं शिकलोय, काका. तोंडात घातलं की आत काय आहे ते मला कळतं. हे मला कळत नाही. तूप आहे म्हणावं तर तूप नाही, आणि घशात जाताना काहीतरी ऊब लागते.” त्यानं आठव्या नानखटाईकडे पाहून स्वतःला आवरलं. “शुक्रवारी दुपारी मी याच रस्त्यानं परत येतो. अगदी हीच, याच चवीची एक किलो करून ठेवा. आमच्या मालकांना पटली, तर पाहुण्यांच्या चहाबरोबर हीच देऊ. पुड्यावर काकूंचं नाव छापू.”

“आन चव जराशी इकडंतिकडं झाली तर?”

“मग नागपूरची बिस्किटं आहेतच,” प्रफुल म्हणाला, आणि पँट चढवून निघून गेला.

वहाबभाऊंनी घरी जाऊन हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या पत्नी आबिदाबी कणीक मळत होत्या. “माह्यं नाव? छापून?” एवढंच त्यांनी विचारलं आणि पुन्हा मळायला लागल्या. कणीक मळून झाली तरी मळतच राहिल्या. वहाबभाऊ ते पाहत उभे राहिले आणि त्यांना एक एक आठवू लागलं. दुकान ‘वहाब टेलर्स’. गॅस त्यांच्या नावावर, वीज त्यांच्या नावावर, घरपट्टी त्यांच्या नावावर. तीस वर्षं अख्खा मोहल्ला, ईद असो नसो, आबिदाबींच्या नानखटाया खात आला होता आणि बोटं चाटत म्हणत आला होता, “वहाबभाऊच्या घरची नानखटाई म्हणजे काय इचारता!”

रविवारी आबिदाबींनी नव्यानं तूप मागवून नमुना केला. नेहमीचंच प्रमाण, नेहमीचंच जाड बुडाचं पातेलं, त्यात नदीची रेती, रेतीवर जाळी, जाळीवर ताट, वर झाकण. नानखटाई छान झाली. म्हणजे नेहमीसारखी झाली. म्हणजेच, ती झाली नाही. सोमवारी पुन्हा केली, पुन्हा तेच. मंगळवारी वहाबभाऊंनी नाइलाजानं सगळी हकिगत दुसऱ्या खुर्चीला सांगितली.

गुणवंतरावांनी डोळे मिटून ऐकून घेतली. “मूळ मालापैकी किती शिल्लक आहे?”

“सहा.”

“पुरावा,” गुणवंतराव गंभीरपणे म्हणाले, आणि पाच शिल्लक राहिल्या.

*

गुणवंतराव तपास प्रमाण मराठीत करत. भूक लागली, की आपल्या झाडी बोलीत उतरत. आबिदाबींच्या स्वयंपाकघरात ते सकाळी दहाला, नाश्ता करून शिरले, त्यामुळे भाषा शुद्ध होती.

“मैदा?”

“नेहमीचाच.”

“शर्करा?”

“पिसून घेतली.”

“स्निग्ध पदार्थ?”

आबिदाबींनी भिंतीला हात टेकून, गुडघा सावरत उठता उठता नवऱ्याकडे पाहिलं. “काय म्हणून राह्यले हे?”

“तूप,” वहाबभाऊंनी भाषांतर केलं.

“तूप? त्या फळीवरच्या चपट्या डब्यातलं. तुमीच तं आणून ठेवलं होतं.”

“कोन, मी? म्या कुठी आणलं? मले वाटलं तूच चैतूकडून घेतलं.”

“चैतू पंधरा दिवसांपासून इकडं फिरकला नाई. डबा भरेल दिसला, मी म्हटलं, चला, सांगितल्याबिगर काही आणलं ह्यायनं एकदा तरी.”

“मी बी तेच म्हटलं तुह्याबद्दल.”

नवराबायको एकमेकांकडे पाहत राहिले. गुणवंतरावांच्या अंगावर काटा आला. चारशे बारा पुस्तकांत असा प्रसंग आला नव्हता. निदान शेवटच्या पानाआधी तरी नाही.

“म्हणजे,” ते कुजबुजले, “एक अज्ञात इसम या घरात शिरला, त्यानं काहीही चोरलं नाही, आणि तूप ठेवून तो पसार झाला. वहाबभाऊ, ही उलटी चोरी आहे!” मग सावध होऊन त्यांनी विचारलं, “पण ते तूपच होतं हे कशावरून?”

“दिसाले तं तुपासारखंच. थंडीनं गोठेल, रवाळ, जरासं पिवळं. वासाचं मले इचारू नका भाऊ, सर्दीनं नाक बंद होतं.”

“डबा कुठे आहे?”

“तो काय, घासून पालथा घातला.”

“घासला!” गुणवंतराव ओरडले. “पुरावा घासला?”

“तुपाचा डबा संपल्यावर घासत नाई तं काय पूजा करते का कोनी?”

गुणवंतरावांनी वहीत लिहिलं: ‘हत्यार धुतले गेले. साबणाने. गुन्हेगार सराईत.’ त्याखाली त्यांनी मागच्या आठवड्यात या घरात येऊन गेलेल्यांची नोंद करून घेतली. सिलेंडरवाला, वीजमीटर वाचणारा, खारीक विकणारी सोमारी, आणि गुरुवारी सकाळी एक इसम, ज्याच्यापुढे त्यांनी स्वतःच्या हातानं टीप लिहिली: ‘गु. भो. पिशवीतून रिकामा डबा परत करण्यासाठी. घरात कोणी नसल्याने डबा फळीवर ठेवला. संशयातीत.’

“आता,” वही मिटत ते म्हणाले, “एक एक स्निग्ध पदार्थ घ्यायचा, नानखटाई करायची आणि मूळ पुराव्याशी ताडून पाहायची. आबिदाबाई, लागा कामाला.”

“आन तुमी काय करसान?”

“मी ताडून पाहीन.”

*

पहिला संशय अर्थातच गाईवर आला. चैतू गावाबाहेर गुरं राखी आणि चार घरांना तूप देई. गुणवंतराव आणि वहाबभाऊ सायकलींवर त्याच्याकडे गेले.

“तुझ्या गाईनं गेल्या महिन्यात काय काय खाल्लं?” गुणवंतरावांनी विचारलं.

चैतूनं वहाबभाऊंकडे पाहिलं. वहाबभाऊंनी दुसरीकडे पाहिलं. “भाऊ, ते गाय हाये. दिसन ते खाते. परवा माह्या शर्टाची बाही खाल्ली.”

“सुती की टेरिकॉट?”

“आता ते तिलेच इचारा.”

चैतूच्या तुपाची नानखटाई झाली, नेहमीसारखीच झाली. मूळ पुराव्याशी ताडून पाहताना पुरावा पाचाचा चार झाला.

दुसरा संशय नानाजी किराणावाल्यावर. तो पुड्यातली बिस्किटं विकतो. आबिदाबींच्या नानखटाईमुळे त्याची बिस्किटं मार खातात. म्हणून त्यानंच रातोरात शिरून डब्यात वनस्पती तूप भरलं, असा सिद्धांत गुणवंतरावांनी भर दुकानात, पाच गिऱ्हाइकांदेखत मांडला.

“मी?” नानाजी म्हणाले. “अजी गुणवंतभाऊ, मी फुकटात कोनाले कडीपत्ता देत नाई, अन डबाभर डालडा ठेवून येईन?”

हा बचाव इतका बिनतोड होता की गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. तरीही शास्त्र म्हणून वनस्पती तुपाची नानखटाई केली गेली. दिसायला राजबिंडी, तोंडात गेली की टाळूला मेणासारखी चिकटून बसे. गुणवंतरावांना पुढची वीस मिनिटं बोलता येईना. वहाबभाऊंना तो तपासातला सर्वांत फलदायी भाग वाटला.

बुधवारी बाजारचं लोणी आणलं. “भाऊ, लोण्यात पाणी राह्यते,” आबिदाबी म्हणाल्या. “तुपाएवढं घेऊन नाई चालत. नाई तं मैदा वाढवावा लागते.”

“पाणी हा तपशील आहे,” गुणवंतराव म्हणाले. “प्रयोगात माप बदललं तर शास्त्र कुठे राहिलं?”

ताटात बारा गोळे ठेवले होते. झाकण उघडलं तेव्हा आत एकच नानखटाई होती, ताटाएवढी.

“ही एक पुराव्याला लावून बघू,” गुणवंतराव म्हणाले, आणि चाराचे तीन झाले.

दुपारी सोयाबीनचं तेल वापरलं. गोळे हातात राहीनात. जे भाजून निघाले ते ज्या वर्तमानपत्रावर ठेवले, त्याच्या आरपार मागच्या पानावरचा सोयाबीनचा भाव वाचता येऊ लागला. संध्याकाळी जवसाच्या तेलाचा प्रयोग झाला. चटणीवर घ्यायचं गोड तेल ते; पण तापल्या रेतीच्या आंचेला त्याचा असा वास सुटला, की शेजारून आरिफ सुतार येऊन विचारून गेला, दरवाजाला पॉलिश कोण मारून राह्यलं म्हणून.

आबिदाबी हे सगळं मुकाट्यानं करत होत्या. बसत होत्या, उठत होत्या, पातेल्यातली रेती तापवत होत्या, आणि प्रत्येक ताट बाहेर आलं की त्यातली एक नानखटाई तोंडात टाकून, डोळे मिटून, मान हलवत होत्या. सर्दी आता गेली होती. नाक मोकळं होतं. पण ती चव त्यांनी पहिल्या वेळी बंद नाकानं चाखली होती, म्हणून आता त्यांना नवऱ्याच्या आणि गुणवंतरावांच्या जिभेवर विसंबावं लागत होतं. हे त्यांना सगळ्यांत जास्त जाचत होतं.

“मी केलं अन मलेच नाई माहीत,” बुधवारी रात्रीचं जेवण वाढताना त्या म्हणाल्या. “आन तुमचे ते भाऊ, पुरावे खाऊन राह्यले नुसते.”

“उद्या पाहू,” वहाबभाऊ म्हणाले. बाकी काय म्हणणार?

*

गुरुवारी संशयाची सुई सहायकावर आली.

वहाबभाऊंच्या मोरीतल्या कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली होती. थंडीनं तेल गोठून पांढरं झालेलं. गुणवंतरावांनी ती बाटली उजेडात धरली, मग वहाबभाऊंच्या डोक्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

“वहाबभाऊ. तुमच्या डोक्यावर केस किती आहेत?”

“तुमीच मोजून घ्या, दोन मिनिटं लागतीन.”

“मग एवढं तेल जातं कुठे?”

“गुणवंतभाऊ,” वहाबभाऊ म्हणाले, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला, “माह्याच बायकोच्या पिठात मी चोरून डोक्याचं तेल कायले टाकू?”

“हेतू,” गुणवंतराव म्हणाले, “शेवटच्या पानावर कळतो.”

खोबरेलाची नानखटाई वाईट झाली नाही. पण तिनं आपलं खोबरेलपण लपवलंही नाही. आबिदाबींनी पोलिसांनी आरोपी सोडावा तशी बाटली कोनाड्यात परत ठेवली. पुरावा आता एकच उरला होता. आबिदाबींनी तो एका वाटीत घालून कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

संध्याकाळी दोघे मित्र दुकान बंद करून घराकडे चालत निघाले. सायकली हातात होत्या. गुणवंतराव बोलले तेव्हा वही पिशवीत होती आणि भाषा घरची होती.

“वहाबभाऊ, एक खरं सांगसान का?”

“इचारा नं.”

“मले खरंच काही येते का?” ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. “नाई म्हणजे, सारी उमर पुस्तकं वाचली. पण पुस्तकातला माणूस समोर दिसते, त्याच्या मनातलं बी लिवलेलं राह्यते. इथी तं कोनी काही लिवून ठेवत नाई. मले असं वाटून राह्यलं, का मी जन्मभर नुसता पानं पलटवत बसलो. आन आता आबिदाबाईचं नाव छापाची वेळ आली, तं मी तिच्या नानखटाया खाऊन राह्यलो.”

खोटं बोलणं वहाबभाऊंना जमत नसे. शिंप्याला बटणाचं घर चुकून चालत नाही.

“भाऊ, माप घ्याले उभा राह्यला, का हरेक माणूस पोट आत घेते,” ते म्हणाले. “मी काही बोलत नाई. दोन इंच सोडून बेततो. तुमच्यासाठी बी सोडले हायेत.”

“किती?”

“असतीन चार-पाच.”

गुणवंतराव यावर हसले, पण फार नाही. घराच्या फाटकाशी कमळाबाई, त्यांची बायको, वाट पाहत उभी होती. “कुठी होते तीन दिवस? कायचं काम चालू हाये?”

“गोपनीय आहे,” गुणवंतराव म्हणाले आणि आत गेले. तपासाबद्दल घरी अवाक्षर काढायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

*

शुक्रवारी दहा वाजले तरी आबिदाबींनी चूल पेटवली नव्हती. दुपारी प्रफुल येणार होता. मैदा चाळलेला होता, साखर पिसलेली होती, आणि समोर सात वाट्यांत सात प्रकारची तूपतेलं मांडलेली होती, लग्नात जेवणाच्या ताटाभोवती असतात तशी. आबिदाबी त्यांच्याकडे पाहत होत्या, वहाबभाऊ आबिदाबींकडे पाहत होते, आणि गुणवंतराव दारात उभे राहून आपला नवा सिद्धांत मांडत होते. त्या सिद्धांतानुसार अज्ञात इसम वीजमीटर वाचणारा होता.

तेवढ्यात मागच्या दारानं कमळाबाई आत आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत मोठी बरणी.

“काय वं आबिदाबाई, गुडघ्याचं कसं काय मंग? पुरलं का तेल? संपलं असन म्हणून अजून आणलं.”

“कोनतं तेल?”

“बाप्पा! मागच्या गुरवारी ह्यायच्या हाती पाठवलं नाई का? तुमच्याच चपट्या डब्यात. तुमी त्यात नानखटाई पाठवली होती नं, मंग मी रिकामा डबा कसा पाठवू? टोळीचं तेल होतं. मोहाच्या बियांचं. ह्यायले बजावून सांगतलं, दोनदा, का आबिदाबाईले सांगा, झोपतेवेळी गुडघ्याले चोळा. हे म्हणे, हूं.”

मग वहाबभाऊंनी हळूच गुणवंतरावांच्या हातातली वही घेतली, मंगळवारचं पान उघडलं आणि ‘गु. भो.’वर बोट ठेवलं.

“रिकामा डबा?” ते म्हणाले. “भाऊ, वजन नाई लागलं हाताले?”

“मी त्या वेळी विचारात होतो,” गुणवंतराव म्हणाले. “विचारात असलेल्या माणसाला वजन लागत नाही.”

“आन ते हूं?” कमळाबाईंनी विचारलं.

“तो हुंकार होकारार्थी नव्हता. चिंतनपर होता.”

“कमळाबाई,” आबिदाबी मध्येच म्हणाल्या. त्यांचा आवाज हसावं की रडावं याच्या मधोमध अडकला होता. “मी त्याच्या नानखटाया केल्या.”

“साऱ्या डब्याच्या?”

“साऱ्या.”

कमळाबाईंनी तोंडाला पदर लावला. वहाबभाऊंनी स्वतः त्यातल्या अकरा खाल्ल्या होत्या. त्यांनी नकळत एक गुडघा वाकवून पाहिला.

“मंग खाले काय होते?” पदराआडून हसू आवरत कमळाबाई म्हणाल्या. “माह्या माहेरी, कुरखेड्याकडं, त्याच तेलात माय भजे काढते. कडू राह्यते, पण चांगलं कढवलं का उतरते. चोळाले पाह्यजे तं लोकं त्यात लसूण टाकतेत. आमच्या ह्यायले लसणाच्या वासानं वाचता येत नाई म्हणते, म्हणून मी सुंठेचा तुकडा टाकून कढवतो.”

“सुंठ,” गुणवंतराव म्हणाले. “घशातली ऊब! मी याच निष्कर्षाच्या दिशेनं…”

“चार दिवस मी घरीच होती,” कमळाबाई म्हणाल्या. “एकदा तोंडानं इचारलं असतं, का आबिदाबाईच्या डब्यात काय होतं, तं तिथंच सांगतलं असतं. पण ह्यायचं सारं गोपनीय.”

आबिदाबींनी बरणीचं झाकण उघडलं. आत गोठलेलं, रवाळ, पिवळट. त्यांनी ती नाकाशी नेली आणि पहिल्यांदाच आपल्या नानखटाईचा वास घेतला. मग कोणाला काही न बोलता सातही वाट्या बाजूला सारल्या, ओट्याला हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, “बसा सारे बाहेर. मले जागा लागते.”

दोन तासांनी कपाटाची किल्ली कमरेतून निघाली. वाटीतला शेवटचा पुरावा चौघांत मोडला गेला, नव्या ताटातली एक नानखटाईही मोडली गेली. गुणवंतरावांनी दोन्ही तुकडे खाल्ले, डोळे मिटले, आणि अख्ख्या तपासात पहिल्यांदा एकही सिद्धांत न मांडता मान डोलावली. वहीत त्यांनी लिहिलं: ‘प्रकरण निकाली. तपासाची पद्धत अचूक. पत्ता चुकला.’

*

आता प्रश्न प्रफुलला काय सांगायचं हा होता.

“काही सांगाचं नाई,” वहाबभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला होता. “खानदानी राज हाये म्हणाचं. बास. गुडघ्याचं नाव काढलं, का पोरगा पळते.”

प्रफुल घर विचारत आला, चहा नको म्हणाला, सरळ ताटाशी गेला. एक तुकडा तोंडात टाकून त्यानं डोळे मिटले. स्वयंपाकघरात चार म्हाताऱ्यांचे श्वास थांबले.

“हीच!” तो म्हणाला. “अगदी हीच. काकू, आता सांगाच. कोणतं तूप आहे?”

“खानदानी…” वहाबभाऊंनी सुरुवात केली.

“टोळीचं तेल हाये,” आबिदाबी म्हणाल्या. “मोहाच्या बियांचं. गुडघ्याले चोळाले कमळाबाईनं पाठवलं होतं. मले वाटलं तूप हाये. चुकीनं पडलं.”

प्रफुलचं चावणं थांबलं.

“साहेब,” आबिदाबी पुढे म्हणाल्या, आणि त्यांचा हात पदराशी चाळा करत होता, “नाव माह्यं लावसान म्हणता. मंग लोकायले मी काय खाऊ घालतो, ते मले तोंडानं सांगता आलं पाह्यजे. नाई पटत तं राहू द्या. नागपूरची बिस्किटं हायेतच तुमच्यापाशी.”

वहाबभाऊ भिंतीकडे पाहू लागले. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं. प्रफुल उभा होता, गालात नानखटाई तशीच, आणि कोणालाच कळेना की तो ती गिळणार की थुंकणार. मग त्यानं गिळली. ताटाकडे पाहिलं. दुसरी उचलली.

“गुडघ्याचं पाहुण्यांना नाही सांगायचं, काकू,” तो शेवटी म्हणाला. “मोहाचं सांगायचं. मोहाचं ऐकलं की पुण्या-मुंबईचे लोक खायच्या आधीच डोळे मिटतात. महिन्याला किती होईल?”

“मनात येईल तेवढं नाई होनार,” कमळाबाई मध्ये पडल्या. “टोळी आता जेठाआधी पडत नाई. माह्या भावाकडं दोन पिपे हायेत. त्यातलं बी अर्धं मायच्या कमरेले लागते.”

“जेवढं होईल तेवढं. नसेल तेव्हा नाही.” प्रफुलनं फोन काढला. “नाव सांगा, पुड्यावर छापायला. आजच पाठवून देतो.”

“लिवा, वहाब…” चाळीस वर्षांत कोणीही नाव विचारलं, की वहाबभाऊंच्या तोंडून हेच निघत आलं होतं. त्यांनी जीभ चावली. आबिदाबी त्यांच्याकडे पाहत होत्या. रागानं नाही, नुसत्याच. “आबिदा,” ते म्हणाले. “आबिदा लिवा.”

“आबिदा.” प्रफुलनं टाइप केलं. गुणवंतराव घसा साफ करून किंचित पुढे सरकले, शोधाचं श्रेय म्हणून कुठेतरी बारीक अक्षरात काही जमत असेल तर पाहावं म्हणून. कमळाबाईंनी त्यांना सदऱ्याला धरून मागे ओढलं.

“आडनाव?” प्रफुलनं विचारलं.

आबिदाबींनी सदऱ्याचं टोक धरून उभ्या असलेल्या कमळाबाईंकडे पाहिलं.

“आडनाव राहू द्या, साहेब,” त्या म्हणाल्या. “त्या जागी कमळा लिवा.”